कानात ओतलेलं कथील

(युवकांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषण फोनवर मुद्रित केलं होतं, त्यावरून उतरवून घेतलं. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)

आयोजकांनी मला विषय दिला, 'मोबाईलच्या साहाय्याने इंग्रजी श्रवणकौशल्याचा स्वतंत्र विकास'. नुसता विषय ऐकून मागच्या रांगेत दोघांनी जांभई दिली, मी पाहिलं. त्यांची चूक नाही. विषयच असा लिहिलाय की सरकारी परिपत्रक वाटावं. मी सरळ सांगतो. इंग्रजी आपल्या कानाला कळत नाही. ते कळायला लावायचं. त्यासाठी खिशातलं हे डबडं पुरतं. मास्तर नको, क्लासची फी नको, कुणाच्या दारात उभं राहणं नको. एवढंच बोलणार आहे.

पण आधी कानाबद्दल. गौतम धर्मसूत्रात लिहून ठेवलंय, शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळवलेलं कथील आणि लाख ओता. आपण भाषणात शिसं शिसं म्हणतो. मुळात कथील आणि लाख आहे. नीट सांगत जा, नाहीतर समोरचा विद्वान तेवढीच चूक धरून बसतो आणि बाकीचं पचवून ढेकर देतो. आता शिक्षेचा क्रम बघा. वेद म्हटला तर जीभ तोडा, लक्षात ठेवला तर शरीर चिरा, हे पुढचं. पहिली शिक्षा कानाला. का? कारण त्या काळी विद्या पोथीत नव्हती, तोंडात होती आणि कानातून जात होती. ज्याचा कान बंद, त्याचं सगळंच बंद. त्यांना हे बरोबर कळलं होतं.

आज कथील कोणी ओतत नाही. आज वातानुकूलित खोलीत बसवतात आणि भराभर इंग्रजी बोलतात. काम तेच होतं. वर ओतणाऱ्याचा हातही भाजत नाही.

मी चेंबूरकडच्या वस्तीतला. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. बाप गोदीत, आई चार घरची धुणीभांडी. पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं, आमची तुकडी हुकली, म्हणून पाचवीत एबीसीडी. मास्तर वाईट नव्हते. पण इंग्रजीचा धडा ते मराठीत शिकवायचे. एक ओळ वाचायची, तिचा अर्थ सांगायचा, पुढची ओळ. दहावी होईपर्यंत सलग पाच मिनिटं इंग्रजी मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. वाचलं होतं, घोकलं होतं, परीक्षेत ओकलं होतं. मार्क चांगले पडले. ते मार्क डोळ्यांचे होते. कान कोराच राहिला.

मग इंजिनिअरिंग. पहिल्या दिवशी सर वर्गात आले, तासभर बोलले, गेले. मला फक्त 'ओके?' एवढं कळलं, कारण ते प्रत्येक वाक्यानंतर म्हणत होते. मी काय करायचो सांगू? शेजारचा हसला की हसायचो. तो लिहायला लागला की लिहायचो. रात्री पुस्तक उघडलं की तोच विषय मला समजायचा, गणितं सुटायची. म्हणजे डोकं ठीक होतं. पण चार वर्षं मी स्वतःला ढ समजत राहिलो. आपली किती पोरं आज या क्षणी कुठल्यातरी वर्गात स्वतःला ढ समजत बसली असतील!

२०१३ साली एका कंपनीची मुलाखत फोनवर झाली. नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच. पलीकडून बाई म्हणाली, 'वॉट्व्ह्यूबिन्डूइंग्सिन्स्युडिग्री?' मी म्हणालो, पार्डन? तिनं तेच पुन्हा सांगितलं, थोडं मोठ्यानं. जसं काही मी बहिरा आहे. त्यातलं शेवटचं 'डिग्री' तेवढं पकडलं आणि पाठ केलेलं उत्तर ठोकून दिलं, माझं नाव अमुक, मी अमुक कॉलेजातून डिग्री घेतली, माझे छंद वाचन आणि क्रिकेट. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बाई म्हणाली, 'थँक यू.' ते मात्र स्पष्ट कळलं.

तिचा प्रश्न होता, 'व्हॉट हॅव यू बीन डूइंग सिन्स युअर डिग्री?' पदवी झाल्यापासून काय करतोस. कागदावर लिहून दिला असता तर मी त्याचं व्याकरणासकट विच्छेदन केलं असतं.

माझा मावसभाऊ माझ्यापेक्षा हुशार. त्यानं दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. आज दुचाकीवर लोकांची जेवणं पोचवतो. घरी सगळ्यांना वाटलं, पोरगं उंडारलं. खूप वर्षांनी एकदा मला म्हणाला, 'दादा, विषय कळत नव्हता असं नाही. सर काय बोलतात तेच कळत नव्हतं. आणि हे कुणाला सांगायचं?' खरंच, कुणाला सांगायचं? पैसे नाहीत हे सांगता येतं, जात काढली हे सांगता येतं. आपल्याला ऐकू येतं पण कळत नाही, हे सांगायला माणूस लाजतो. म्हणून आज मी हे चारचौघांत सांगतोय.

मग मला प्रश्न पडला की वाचून कळतं ते ऐकून का कळत नाही? याचं उत्तर आपल्याच बोलण्यात आहे. पुस्तकात लिहितात, 'तू कुठे चालला आहेस?' आपण म्हणतो, 'कुठं चाल्लास?' पुस्तकी मराठी शिकून आलेला एखादा जर्मन माणूस तुमच्या गल्लीत उभा केला तर त्याला 'कुठंचाल्लास' हा एक शब्द वाटेल आणि तो शब्दकोशात शोधत बसेल. इंग्रजी हेच करतं, आणि जास्त निर्दयपणे करतं. आपल्या मराठीत साधारण प्रत्येक अक्षराला थोडी थोडी जागा मिळते. इंग्रजी वाक्यात दोन-तीन शब्दांवर जोर पडतो आणि बाकीचे विरार गाडीतल्या माणसांसारखे चेंगरतात. 'टू' चा 'ट' होतो, 'अँड' चा नुसता 'न' उरतो, 'ऑफ' चा 'अ'. 'पिक इट अप' हे तीन शब्द नाहीत, 'पिकिटप' आहे. 'गोइंग टू' चं 'गना'. 'कॅन' आणि 'कान्ट' यांचं तर विचारू नका. अमेरिकन माणूस 'कान्ट' ला 'कॅन्ट' म्हणतो, त्यातला शेवटचा 'ट' गिळून टाकतो, आणि साधा 'कॅन' असेल तर तो 'क्न' असा पुसट होतो. म्हणजे 'कॅन' ठसठशीत ऐकू आला तर बहुधा नकार, पुसट ऐकू आला तर होकार. शाळेत हे कोणी सांगितलं? आपल्याला शब्दांची प्रेतं दाखवली, एकेक, पांढऱ्या चादरीवर. जिवंत शब्द कसे धावतात ते दाखवलंच नाही.

आणि ज्यांच्या घरात आजोबांपासून इंग्रजी आहे त्यांना ते शिकवावं लागलं नाही. रेडिओवर क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री, डॉक्टर काकांचं बोलणं, आईनं झोपताना वाचलेली गोष्ट. पाच वर्षांचं पोर शाळेत जायच्या आधी हजारो तास ऐकून बसलेलं असतं. त्याला पुढं लोक म्हणतात 'मेरिट'. मेरिट काय रे, कानाचा वडिलोपार्जित सातबारा आहे तो.

कानाची ही मक्तेदारी इतकी वर्षं फोडता येत नव्हती, कारण आवाज विकत घ्यावा लागायचा. पुस्तक रद्दीत मिळतं, आवाज रद्दीत मिळत नव्हता. टेप, कॅसेट, लिंग्वाफोनचे संच, क्लास, सगळं दामाचं. २०१६ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जानेवारीत मुंबई सेंट्रल स्टेशनवर फुकट वायफाय सुरू झालं, मग देशभरच्या स्टेशनांवर. आणि सप्टेंबरात जिओ आलं, डेटाचे भाव कोसळले. हे कुणी आपल्या प्रेमापोटी केलं नाही. त्यांना गिऱ्हाईक हवं होतं. पण दार उघडं राहिलं तर आत जायचं. उघडणाऱ्याचा हेतू तपासत उंबऱ्यावर किती दिवस बसणार?

२०१८ मध्ये बातमी आली होती. एर्नाकुलम स्टेशनवरचा एक हमाल स्टेशनच्या त्या फुकट वायफायवर अभ्यास करून केरळच्या लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास झाला. डोक्यावर बोजा, कानात धडा. ती बातमी सगळ्यांनी 'जिद्द' म्हणून छापली. मला त्यात जिद्दीपेक्षा वेगळं काहीतरी दिसलं. हमालाचे हात मालकाचे, डोकं सामानाखाली, डोळे पायाखालच्या जमिनीवर. फक्त कान रिकामे. कष्टकरी माणसाचा एकच अवयव असा आहे की ज्याची मजुरी अजून कुणी ठरवलेली नाही. आई भांडी घासते तेव्हा तिचे कान रिकामे असतात. मावसभाऊ हॉटेलच्या पायरीवर ऑर्डरची वाट बघतो तेव्हा त्याचे कान रिकामे असतात. आपल्या लोकांकडे पुस्तक घेऊन टेबलाशी बसायला वेळ नाही, टेबल नाही, कधी दिवा नाही. कान आहे.

आणि कानानं शिकणं आपल्याला नवं नाही. बाबासाहेब आपल्या निरक्षर आज्यांपर्यंत कसे पोचले? जलशातून, भीमगीतातून, पुढं कॅसेटमधून. माझ्या आजीला एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि चवदार तळ्याचा सगळा लढा तिला तोंडपाठ होता. म्हणजे ही विद्या आपल्या घरात आहेच. फक्त भाषा बदलायची आहे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगतो. मी पडत झडत शिकलो, त्यात दोन वर्षं वाया गेली, ती तुमची वाचावीत.

पहिली चूक मी केली ती म्हणजे इंग्रजी सिनेमे बघितले, खाली अक्षरं लावून. शंभरेक सिनेमे बघितले असतील. वाचायचा वेग वाढला, कान होता तिथंच. अक्षरं दिसली की डोळा काम करतो आणि कान झोपतो. डोळा आपला जुना नोकर, सवयीचा, तो पुढं पुढं करणारच. त्याला आधी खोलीबाहेर काढायचं. हिंदी-मराठी अक्षरं खाली लावली तर विचारूच नका, तो सिनेमा बघणं झालं, इंग्रजी ऐकणं नाही.

दुसरी चूक, तासभराची भाषणं लावून झोपायचो. कुणीतरी सांगितलं होतं, झोपेत भाषा मुरते. झोप मुरली.

मग एकदा वैतागून मी एक मिनिटाचा तुकडा घेतला. फक्त एक मिनिट. अक्षरं बंद. एकदा ऐकला, काही कळलं नाही. पुन्हा ऐकला. मग वही घेतली आणि जे ऐकू येतं ते देवनागरीत लिहायला लागलो. स्पेलिंग नाही! स्पेलिंग लिहायला गेलं की मेंदू परीक्षेला बसतो आणि घाबरतो. देवनागरी म्हणजे आवाज लिहायचं हत्यार आहे, कानाला आलं ते उमटतं. 'वॉट्व्ह्यूबिन' ऐकू आलं तर 'वॉट्व्ह्यूबिन' लिहायचं. जिथं काहीच कळलं नाही तिथं रेघ मारायची. दहा-बारा वेळा ऐकून झालं की मग त्या तुकड्याचा छापील मजकूर काढायचा आणि शेजारी ठेवायचा. त्या दिवशी मी ते केलं आणि मला खदखदून हसू आलं. ज्या ज्या ठिकाणी मी रेघ मारली होती तिथला एकही शब्द अवघड नव्हता! सगळे शब्द मला पाचवीपासून येत होते. 'इट', 'हॅज', 'देम', 'ऑफ'. मोठे मोठे शब्द मी पकडले होते, बारीक बारीक निसटले होते. तेव्हा मला कळलं की माझा शब्दसंग्रह कमी नाही, कानावर पापुद्रा आहे. त्या रेघा म्हणजे तुमचा अभ्यासक्रम. तो कुठल्या क्लासवाल्याकडे मिळत नाही, कारण प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या.

मग तोच तुकडा मजकूर बघत ऐकायचा, मजकूर झाकून ऐकायचा, बोलणाऱ्याच्या पाठोपाठ पुटपुटायचा. लोकलमध्ये पुटपुटलात तर लोक जपजाप्य समजतात, समजू द्या. आपलं पुटपुटणं फोनवर मुद्रित करून ऐका, लाज वाटेल, ऐका. जो आवाज तोंडातून निघतो तो कानाला लवकर सापडतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच तुकडा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो मराठीसारखा लागतो. मग पुढचं मिनिट. रोज वीस मिनिटं पुरतात, पण रोज.

फोनमध्ये वेग कमी करायची सोय असते. ती कुबडी आहे. एखादी जागा अजिबात सुटत नसेल तर तेवढ्यापुरती घ्या आणि लगेच टाका. वेग कमी केला तरी चेंगरलेला शब्द वेगळा होत नाही, चेंगरलेलाच लांबतो. आणि मुलाखत घेणारी बाई तुमच्यासाठी पाऊण वेगानं बोलणार नाही. परदेशी शिष्यवृत्तीसाठी आयईएलटीएसची परीक्षा देणारे इथं आहेत, त्यांना माहीत आहे, चाळीस प्रश्न, आणि ध्वनिमुद्रण एकदाच वाजतं.

एक सांगायचं राहील. रूळ ओलांडताना, रस्ता ओलांडताना कानातलं काढा. दोन्ही कानांतलं. शिकायला निघालेली पोरं मला मेलेली नकोत.

ऐकायचं काय? बीबीसीचा सहा मिनिटांचा एक कार्यक्रम आहे, शिकणाऱ्यांसाठीच, मजकूर सोबत मिळतो. सुरुवातीला ठीक आहे. चहा, हवामान, सुट्टी, असले गुळगुळीत विषय. पण माणूस पोटातून ऐकायला लागतो तो आपल्या प्रश्नावर. म्हणून मी सांगतो, बाबासाहेबांना ऐका. १९५५ साली त्यांनी बीबीसीला दिलेली मुलाखत मिळते. गांधींवर बोलतात, पुणे करारावर बोलतात. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा अर्थाच्या आधी आवाजानंच हललो. कोलंबियात शिकलेला, लंडनला शिकलेला माणूस, आणि उच्चार ना गोऱ्या साहेबाचा ना अमेरिकनाचा. आपल्या माणसाचा उच्चार. शब्द मात्र हातोड्यासारखा, एकेक. साहेबाची नक्कल न करता साहेबाला गप्प कसं करायचं, ते त्यात ऐकू येतं.

मग पलीकडे चला. आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत संघटना काढली तेव्हा नाव कुठून घेतलं? ओकलंडच्या काळ्या पोरांकडून, ज्यांनी १९६६ साली ब्लॅक पँथर काढली. आणि त्याच्याही शंभर वर्षं आधीचा धागा बघा. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जनांना, ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवायला कष्ट घेतले. आपण त्या लोकांबद्दल दीडशे वर्षं वाचतोय. आता त्यांचा आवाज ऐकू शकतो. मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनचं भाषण घ्या, सतराएक मिनिटांचं. ते पाद्री होते, संथ बोलतात, एकच सुरुवात पुन्हा पुन्हा करतात, नवख्या कानाला पकड मिळते. माल्कम एक्स भरभर बोलतो, तो सहा महिन्यांनी घ्या. जेम्स बाल्डविन १९६५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजच्या गोऱ्या पोरांपुढं उभा राहून बोलला, त्याचं चित्रण आहे. मतदान झालं, ५४४ विरुद्ध १६४, बाल्डविनच्या बाजूनं. तो मध्येच थांबतो, त्या थांबण्यात तुम्हाला श्वास घ्यायला मिळतो आणि समोरच्यांना घाम फुटतो.

आणि फ्रेडरिक डग्लस. हा गुलाम म्हणून जन्मला. बाल्टिमोरला मालकिणीनं त्याला अक्षरं शिकवायला घेतली, मालकानं थांबवलं, म्हणाला, शिकला तर गुलाम म्हणून ठेवण्याच्या लायकीचा राहणार नाही. बघा, आपल्याकडचे सूत्रकार आणि तो, कधी भेटले नव्हते! मग डग्लसनं काय केलं? निरोपाला बाहेर पडताना खिशात पाव ठेवायचा. रस्त्यावरच्या गरीब, उपाशी गोऱ्या पोरांना पाव द्यायचा आणि बदल्यात अक्षर घ्यायचा. पुढं पळाला, आणि १८४५ साली आपली कहाणी स्वतः लिहिली. त्या पुस्तकाचा मजकूर इंटरनेटवर फुकट आहे, आणि लिब्रिव्हॉक्सवर ते पुस्तक माणसांनी वाचून ठेवलेलं आहे, तेही फुकट. एका कानात ते, समोर मजकूर. यापेक्षा चांगला इंग्रजीचा तास मला माहीत नाही. आपल्याला पावही द्यावा लागत नाही.

उतरवून मात्र ठेवा. व्हॉइस ऑफ अमेरिका १९५९ पासून शिकणाऱ्यांसाठी संथ, सोप्या इंग्रजीत बातम्या द्यायची. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या अध्यक्षानं एक हुकूम काढला आणि तो आवाज जवळपास बंद पडला. दुसऱ्याच्या विहिरीवर किती भरवसा ठेवायचा हे तुम्हाला मी शिकवायला नको. घागर भरून घरी आणा. आमच्या विहारात एका जुन्या मेमरी कार्डावर दीडशे तुकडे आहेत, मजकुरासकट. ज्याच्याकडे डेटा संपला तो कार्ड नेतो.

आता यंत्राबद्दल सावध करतो. फोन हल्ली ऐकलेलं आपोआप लिहून दाखवतो, तुमच्याशी गप्पासुद्धा मारतो. वापरा. पण त्याला पंच मानू नका. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच बड्या कंपन्यांची ही यंत्रं तपासली, अॅमेझॉन, अॅपल, गुगल, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात यंत्रं शंभर शब्दांमागे सुमारे १९ चुका करत होती, काळ्या अमेरिकनांच्या बोलण्यात ३५. यंत्राला जात नसते असं म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवा. यंत्र ज्यांचे आवाज ऐकून मोठं झालं त्यांचंच त्याला कळतं. अगदी माझ्यासारखंच की! म्हणून मजकूर ताडून बघायचा तो माणसानं लिहिलेला. आणि यंत्राचा आवाज फार स्वच्छ असतो. माणसं स्वच्छ बोलत नाहीत, खोकतात, अडखळतात, दोघं एकदम बोलतात. त्या गदारोळात कान तयार होतो.

हे बोलताना उच्चाराची भानगड निघणार. आपल्यातलाच कुणीतरी नवा शिकलेला दुसऱ्याच्या इंग्रजीला हसतो. मी पाहिलंय. दोस्तहो, आपल्या 'पानी' ला कोण हसत होतं ते आठवा. 'ण' म्हणता येत नाही म्हणून वर्गात कुणाला उभं केलं ते आठवा. १९७२ साली 'गोलपीठा' आलं तेव्हा ही भाषा का, म्हणून कुणाच्या पोटात दुखलं ते आठवा. काळ्यांच्या वस्तीतलं इंग्रजी ऐका, 'ही इज वर्किंग' ऐवजी 'ही वर्किंग' म्हणतात, क्रियापदच नाही, आपले मास्तर लाल रेघ मारतील. ती चूक नाही, तो त्यांच्या बोलीचा नियम आहे. मी आज जहाजांच्या कागदपत्रांच्या कचेरीत काम करतो. दिवसाला आठ-दहा परदेशी फोन येतात. फिलिपिनो, ग्रीक, नायजेरियन, चिनी. इंग्लंडचा माणूस महिन्यातून एखादा. जगाचं इंग्रजी हे असं आहे, मोडकं, खरखरीत, प्रत्येकाच्या गावचं. ते सगळं कळणारा कान करायचा आहे. साहेबासारखं तोंड करायचं नाही.

२०१० साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यातल्या बांका गावी इंग्रजी देवीच्या देवळाचा पाया घातला. देवी काँप्युटरवर उभी. भावना मला समजते, काढणारा आपलाच विचारवंत. पण नागपूरला १९५६ साली आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या काय तेहतीस कोटींत आणखी एकीची भर घालायला? इंग्रजीची पूजा नको. इंग्रजी हत्यार आहे. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं ते इंग्रजीत. आरती नव्हती ती.

आणखी एक बोलायचंय, आणि ते पोरांना टोचेल. आमच्या रविवारच्या बैठकीत नऊ-दहा जण असतात. विहारात बसायचं, एक फोन, एक छोटा स्पीकर, एकच तुकडा. प्रत्येक जण आपल्या वहीत लिहितो, मग वह्या जुळवायच्या. एकाच्या रेघेत दुसऱ्याचा शब्द बसतो, तिसऱ्याचा चौथ्याच्या. सगळ्यांचं मिळून वाक्य पुरं होतं. या बैठकीत एक मुलगी यायची, बारावीची. कान तिचा सगळ्यांत तिखट. पण घरी सराव होत नव्हता. का? घरात चांगला फोन एकच, तो भावाच्या हातात. भाऊ रात्री दोनपर्यंत रील बघणार, अंगठा वर, अंगठा वर, अंगठा वर. आपल्या आज्यापणज्यांना अंगठेबहाद्दर म्हणून हिणवलं. द्रोणानं एकलव्याचा अंगठा मागून घेतला, म्हणून आपण हजार भाषणं केली. आणि हा अंगठा? हा तर कुणी मागितलाही नाही, आपणच पडद्यावर ठेवून आलो. ती मुलगी भाऊ झोपल्यावर उठायची, दोन ते तीन फोन घ्यायची. गोधडीखाली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कानाला घट्ट दाबून. शूद्रानं चोरून वेद ऐकल्यासारखं. फरक एवढाच की चोरायचं होतं आपल्याच घरातून, आपल्याच भावापासून.

मी त्याच्याशी भांडलो. मग तो रविवारी यायला लागला. पहिल्या दिवशी त्याच्या वहीत नुसत्या रेघा. शेजारी बहिणीची वही भरलेली. काही बोलला नाही. फोन आता संध्याकाळी सात ते आठ तिच्याकडे असतो. एक तास. फार नाही, पण उजेडातला.

मावसभाऊही येतो, रविवारी ऑर्डरी जास्त असतात तरी. परवा त्यानं त्याच्या जुन्या कॉलेजच्या विषयाचं एक व्याख्यान लावलं, परदेशी प्राध्यापकाचं, चाळीस मिनिटांचं. मध्ये दोनदा थांबवलं. संपल्यावर फोन खिशात ठेवला आणि नुसता बसून राहिला. मी विचारलं, कळलं का? म्हणाला, 'कळलं ना. सोपं होतं रे.' आणि त्याचे डोळे भरले. दहा वर्षांपूर्वी जे सोपं होतं ते कळायला दहा वर्षं लागली, याचा हिशेब कुणाकडे मागायचा ते मला त्या वेळी सुचलं नाही.

बरं. माझी वेळ संपत आली, आयोजक घड्याळ दाखवतायत. प्रश्नोत्तरं नंतर. आधी वह्या काढा. फोनवर बाबासाहेबांच्या मुलाखतीतला पहिला तुकडा लावतो, एकाच मिनिटाचा. ऐकू येईल तसं देवनागरीत लिहायचं, कळलं नाही तिथं रेघ. शेजारच्याचं बघायचं नाही. ए, पंखा बंद कर रे जरा. मागच्या रांगेत आवाज येतोय का?